टेहळणीवरच्या बाई

पाऊल टाकण्याआधी बघून घेणारी माणसं पुण्यात घरोघरी सापडतील. पण सगळं बघून झाल्यावरही जागचं न हलणारं माणूस मला एकच भेटलं. कर्वेनगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई.

त्यांना संगणकावरच्या एका खेळाचं वेड आहे. आपलं एक गाव, भोवती अंधारात बुडालेला नकाशा, आणि पाळीपाळीनं एकेक चाल. शहाणा खेळाडू शेती करतो, सैन्य उभारतो. बाई फक्त घोड्यावरचे टेहळे पाठवतात. टेहळ्या जाईल तिथला अंधार हटतो, तो पुढे गेला की मागचा मुलूख पुन्हा धूसर. "डोंगर दिसतो, पण त्यामागे आत्ता कोण येऊन बसलंय ते नाही दिसत," त्या मला समजावतात. "पाहिलेलं आणि दिसणारं यात फरक असतो." एका टेहळ्याला लांडग्यांनी खाल्लं, त्या दिवशी बाई दूधवाल्याशीही बोलल्या नाहीत. एकदा मी विचारलं, "अहो, पण लढाई कधी?" त्या म्हणाल्या, "घाई आहे का आपल्याला? असेल तर दार उघडंच आहे."

हा खेळ त्यांना शिकवला परदेशातल्या भाचीनं. तिनं आपल्या वडिलांनाही, म्हणजे बाईंच्या धाकट्या भावालाही, त्याच डावात बसवलं. भाऊ मार्केट यार्डातले गुळाचे निवृत्त व्यापारी, गुलटेकडीला एकटेच राहतात. भाचीच्या लग्नपत्रिकेत बाईंचं नाव छापायचं राहिलं, तेव्हापासून सहा वर्षं बहीणभावाचं बोलणं बंद. डावात मात्र दोघं रोज एकेक चाल खेळत. बाईंचा टेहळ्या भावाच्या गावाशेजारच्या टेकडीवर पोचला आणि तिथेच राहिला. सकाळी चहाबरोबर मला बातमी मिळे: "आज तटबंदी बांधलीन." "आज विहीर खणलीन." "आज सैन्य वाढवलंन." लढाईचं नाव नाही.

मग एकदा भावाची चाल आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी माझी बेल वाजवली. "चला, गुलटेकडीला जायचंय."

"आधी फोन करू या ना?"

"फोनवर काय दिसणार?"

भावानं दार उघडायला बराच वेळ लावला. तापानं डोळे लाल, भिंतीला धरून उभे. बहिणीकडे बघत म्हणाले, "सैन्य आणलंयस का?"

"शेजारीण आणल्येय. पुरे आहे," बाई म्हणाल्या, आणि भिंतीवरचा त्यांचा हात काढून आपल्या खांद्यावर ठेवला.

डेंग्यू निघाला. आठ दिवस दवाखाना झाला. बाई चहा आणायला खाली गेल्या असताना मी भाऊंना विचारलं, "तुमच्याकडे एवढं सैन्य होतं, मग त्यांचा टेहळ्या मारला का नाहीत?" ते म्हणाले, "सहा वर्षांत तिच्याकडचं पहिलंच माणूस आलं होतं हो दारात."

आता दर गुरुवारी भाऊ कर्वेनगरला येतात. डाव अर्धाच राहिलाय. परवा दोघं जिन्यात चपला घालताना दिसले. मांजरी गावाला निघाले होते. लहानपणी मामाच्या उसात खेळले, ती जागा शोधायला.

"सगळ्या इमारती झाल्या असतील तिथे," भाऊ म्हणाले.

"न बघता कसं सांगतोस?" असं म्हणत बाई जिना उतरूही लागल्या होत्या.