म्हसोबाला सिसिलीची वाइन

मद्य माणसाला माणसाच्या जवळ आणतं, असं जगातल्या सगळ्या जुन्या संस्कृती मानत आल्या आहेत. माझाही अनुभव तसाच आहे. एका बाटलीमुळं माझे दोन चुलते नऊ वर्षांनी एकमेकांच्या इतके जवळ आले, की एकाचा गुडघा दुसऱ्याच्या छातीवर होता.

नऊ वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात थोरल्यांनी फावड्याच्या दांड्यानं धाकट्याचे दोन दात पाडले होते. तेव्हापासून बोलणं बंद. आता धाकट्या काकांच्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि मोठे बाबा मांडवात आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही, असं तिनं सांगून टाकलं होतं. थोरले म्हणाले, आधी म्हसोबाचा बोकड होऊ द्या, मग बघू.

आमच्यात लग्नाआधी बोकड देतात. दारू शिंपडायचा मान थोरल्या भावाचा, कोयता चालवायचा धाकट्याचा. दारू पडल्यावर बोकडानं अंग झाडलं की देवाचा होकार आला. तोवर कापायचं नाही. कधी कधी तासभर लागतो, म्हणून शिंपडायला लवकर सुरुवात करतात. पण एका भावानं दुसऱ्याला सोडून बोकड कापला, तर तो भाऊ मेला, असं देवासमोर सांगितल्यासारखं होतं.

बोकडाच्या दिवशी मतदानामुळं वारंगा फाट्यापासून औंढ्यापर्यंत दारूची दुकानं बंद. माझ्याकडं एक बाटली पडून होती. जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं सिसिली बेटावरून आणलेली लाल वाइन. भूमध्य समुद्राकाठची मूळची द्राक्षं, सेंद्रिय शेती, फवारणी नाही, असं लेबलवर लिहिलं होतं. वाचताना उदबत्ती लावावीशी वाटे. बाटली घेऊन मी म्हसोबाच्या माळावर गेलो आणि थोरल्या काकांना लेबल मराठीत सांगितलं.

"औषध मारलं न्हाई?" ते म्हणाले. "मंग द्राक्षं राहिली कशी?"

बूच खिळ्यानं आत ढकललं. त्यांनी बोटावर थेंब घेऊन चाखला, आंबली हाय म्हणाले आणि शिंपडायला लागले.

देशी दारू पाण्यासारखी दिसते. ही दिसत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. बोकड पांढरा होता. त्याची मान, छाती, पुढचे पाय लाल झाले. पण तो ढिम्म. थोरल्यांनी अख्खी बाटली ओतली. शेवटी उन्हाला कंटाळून बोकड आडवा झाला.

तेवढ्यात धाकटे काका चढ चढून वर आले. त्यांना दिसला तो आडवा पडलेला लाल बोकड आणि मनगटापर्यंत लाल झालेला भाऊ.

त्यांनी हातातली काठी थोरल्यांच्या डोक्यात घातली. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. थोरले पडले, पडता पडता त्यांनी भावाचा पाय ओढला आणि पिंढरीला कडकडून चावले. धाकटे त्यांच्या छातीवर बसले आणि तोंडावर बुक्क्या घालत राहिले. "मला मेलेला धरून राहिला का?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी वाइनबद्दल सांगायला मधे पडलो, तर कोपर माझ्या नाकावर बसलं आणि रक्त तोंडात गेलं. थोरल्यांची पोरं दगड उचलून धावली.

या गोंधळानं बोकड दचकून उठला आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत त्यानं अंग झाडलं. आमच्या सगळ्यांवर लाल थेंब उडाले.

"भावजी, बोकड जित्ता हाय," थोरल्या काकू म्हणाल्या. "झाडलं त्यानं. उठा आता."

पोरांनी दगड खाली टाकले. धाकट्यांनी बोकडाकडं पाहिलं, मग आपल्या मुठीकडं. ते छातीवरून उठले, कमरेचा कोयता काढला.

"दादा, धरता का?"

थोरल्यांनी भुवईवरचं रक्त पुसलं आणि बोकडाचे कान धरले. एका घावात मुंडकं वेगळं झालं.

बोकड जून निघाला. मटण शिजायला तीन तास लागले. थोरले डोक्याला टॉवेल गुंडाळून बसले होते, शेजारी धाकटे. तासाभरानं धाकट्यांनी तंबाखू पुढं केली. आणखी तासाभरानं थोरल्यांनी विचारलं, हळद किती वाजता हाय.

म्हसोबानं दोघा भावांना शेजारी बसवलं, असं गावात सांगतात. माळावर सावलीचं झाड एकच आहे.