कारखाना बंद होईपर्यंत

शिवणाच्या दुकानात कतरन आणि किस्से सारख्याच वेगानं साचतात. सकाळी झाडून काढा, दुपारी मशीनखाली पुन्हा ढीग! कतरनीच्या निदान उशा तरी भरता येतात. किश्श्यांचं काय करायचं? पोटात ठेवले तर पोट दुखतं. म्हणून सांगून टाकते.

आमचं दुकान मानोऱ्यात, बाजाराच्या रस्त्यावर. लेडीज टेलर. मालकीण मी, वंदना. मापं आणि कटिंग माझं. पिको-फॉल आणि मशीनवरची एम्ब्रॉयडरी शबानाची. आणि काज-बटन, हूक, हातशिलाई सगळी सिंधूमावशींची. मावशी जवळच्या तांड्यावरून येतात. त्यांनी केलेल्या काजात बटन गेलं की कुलूप लागल्यासारखं बसतं. त्यांच्या काजाला नाव ठेवणारं माणूस या तालुक्यात अजून जन्माला आलेलं नाही, असं त्या स्वतःच सांगतात!

या वर्षी दुकानात एकच वाद चालू होता. मोबाईलवरचं हे सगळं, व्हॉट्सॲप, इन्स्टा, फेसबुक, ठेवायचं की काढून टाकायचं? मी म्हणायची काढा. शबाना म्हणायची ठेवा. मावशी म्हणायच्या, "आधी मले हूक लावू द्या!"

*

आमच्याकडे नवं ब्लाऊज शिवायला टाकताना अंगात नीट बसणारं जुनं ब्लाऊज सोबत आणायची रीत आहे. त्याला मापाचं ब्लाऊज म्हणतात. मी टेप लावून कितीही मापं घेतली तरी बायकांचा भरवसा त्या जुन्या ब्लाऊजवरच.

शाळेतल्या एका मॅडमनी ऑटोवाल्याच्या हाती कापड पाठवलं आणि व्हॉट्सॲपवर मापाच्या ब्लाऊजचा फोटो. मी फोन लावला.

"मॅडम, फोटोवरून माप कसं घेऊ?"

"अवो ताई, झूम करून पाहा ना!"

कापड तसंच घडी घालून ठेवलं. आठवड्यानं मॅडमचा मेसेज, 'झालं का ब्लाऊज?' शबानानं माझ्या हातातून मोबाईल घेतला. दोरीवर दुसऱ्या कोणाचं तरी तयार ब्लाऊज लटकत होतं, त्याचा फोटो काढून पाठवून दिला. खाली लिहिलं, 'झालं मॅडम. झूम करून घाला!'

संध्याकाळी मॅडम मापाचं ब्लाऊज घेऊन हजर! आल्या त्या हसतच आल्या. तेव्हापासून आमच्या पक्क्या गिऱ्हाईक आहेत, दिवाळीला फराळाचा डबाही देतात. देवानं गिऱ्हाईक द्यावं तर असं.

*

माझं स्वतःचं सांगते, नाहीतर म्हणाल ही दुसऱ्यांचीच उणीदुणी काढते.

मला रील्सचं वेड लागलं होतं. नुसत्या शिवणाच्या बघायची, म्हणून मला वाटे हा काही टाईमपास नाही, हा अभ्यास आहे! एकदा मशीनसमोर मोबाईल उभा करून एक रील लावली. 'या पद्धतीनं बाही लावा, आयुष्यात चुकणार नाही.' ती बाई एवढं गोड बोलत होती की मी तिच्याकडे बघत बघतच दोन्ही बाह्या लावून टाकल्या.

मावशी हूक लावायला बसल्या. ब्लाऊज इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"वंदनाबाई, हे कोनाचं हाय?"

"नवरदेवाच्या मावशीचं. काहून?"

"तिले दोन्ही हात डावेच हायेत काय वो?"

डाव्या हाताच्याच दोन बाह्या लावल्या होत्या मी! शबाना टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मी मुकाट्यानं बाह्या उसवल्या. मोबाईलमध्ये ती बाई अजून सांगतच होती, आयुष्यात चुकणार नाही म्हणून.

*

दुकानाचं इन्स्टा अकाउंट शबानानं उघडलं होतं. तुळशीच्या लग्नानंतर एका नवरीचं ब्लाऊज आलं. पाठीवर पिसारा फुललेला मोर. शबानानं जीव ओतला त्याच्यात! दोरे बदल, पुन्हा काढ, पुन्हा भर. झाल्यावर म्हणाली, "ताई, ये तो डालना पडेगा." टाकला फोटो. लोकांनी नुसता लाईकचा पाऊस पाडला, आम्ही दोघी हवेत.

आता, नवरीच्या ब्लाऊजची डिझाईन लग्नाआधी कोणाला दाखवायची नसते, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. सख्ख्या नणंदेलाही नाही! पण लाईक मोजताना नियम कोणाला आठवतो?

लग्नाला मीही गेले होते. बघते तर नवरीच्या पाठीवर मोर. करवलीच्या पाठीवर मोर. नवरदेवाच्या बहिणीच्या पाठीवर मोर. जिलबी वाढणारी समोरून वळली, तिच्या पाठीवरही मोर! सगळ्यांनी इन्स्टावरचा फोटो दाखवून आपापल्या टेलरकडून शिवून घेतला होता. फोटोग्राफर मागून ओरडत होता, "यातली नवरी कोणती? जरा तोंड इकडे करा!"

दुसऱ्या दिवशी नवरीचा सासरहून फोन. मी कानाला लावला तो भीत भीतच.

"काकू, माह्या लग्नात तुमी मोराचा कळपच सोडला!"

एवढं म्हणून ती हसली, ही तिची मोठी कृपा. मला मात्र काही हसू आलं नाही. त्याच दिवशी दुकानात जाहीर करून टाकलं, "बस झालं. हे समदं काढून टाकते. साधा डबडा फोन घेते, बटनाचा!"

*

शबाना म्हणाली, "ताई, मोराचा काय गुनाह?" मावशींनी मात्र हातातलं काज पुरं केलं, दोरा दातानं तोडला आणि मग म्हणाल्या, "करा बंद. फकस्त तेवढा साखर कारखाना बंद होऊ द्या."

हे आता नीट सांगायला पाहिजे. मावशींची एकुलती एक मुलगी संगीता. दसरा झाला की ती आणि जावई ऊसतोडीला जातात, पार दूरच्या साखर कारखान्याला. उन्हाळ्याच्या तोंडाशी कारखान्याचं गाळप संपलं की परत येतात. यंदा संगीता पहिल्यांदाच कडेवर लेकरू घेऊन गेली होती. मावशींकडे साधा फोन, त्यात आवाज येतो पण नातू दिसत नाही. नातू दिसायचा तो माझ्या मोबाईलवर. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी संगीता माझ्या नंबरवर व्हिडिओ कॉल करायची.

कॉल आला की मावशी पदर नीट करायच्या, स्टुलावर बसायच्या आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घ्यायच्या. एकदा लाडानं नातवाच्या गालाला हात लावायला गेल्या होत्या, बोट लागलं लाल बटनाला, आणि लेक-नातू दोघंही गायब! त्या दिवशी पुन्हा रेंजच आली नाही. तेव्हापासून मोबाईलला हात लावणं बंद. मी धरायचा, त्यांनी बघायचं.

मी रागाच्या भरात बंदची घोषणा केली तेव्हा माझ्या डोक्यात मोर होता. मावशींच्या डोक्यात नातू होता. पण "मले नातू दिसनार नाई" असं त्या एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. नुसती मुदत वाढवून मागितली.

मी म्हटलं, "मावशी, कारखाना बंद होईस्तोवर हात लावत नाई मी."

*

संक्रांतीनंतर मावशींच्या मनानं घेतलं की नातवाला झबलं शिवायचं. आणि नाड्यांचं नाही, काज-बटनाचं! पण माप?

"मापाचं झबलं धाडलं नाई का पोरीनं?" असं म्हणून शबानानं चिडवलं. मावशींनी मनावरच घेतलं. पुढच्या कॉलला संगीतानं लेकरू समोर धरलं आणि मावशींनी गळ्यातला टेप काढून थेट मोबाईलच्या काचेवर लावला!

"छाती सव्वा इंच," मावशी म्हणाल्या.

"मावशी, इतना तो बटन होता है!" शबाना हसून लोळायची बाकी होती. तिकडे संगीताही हसायला लागली, आणि ती हसते म्हणून लेकरूही.

मग संगीताच म्हणाली, "याडी, थांब." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिनं लेकराला गोधडीवर झोपवलं आणि त्याच्या छातीवर आपली वीत टेकवली. अंगठा इकडे, करंगळी तिकडे. मग खांद्यापासून ढोपरापर्यंत वीत, वर चार बोटं. मावशींनी पदरातून एक हात बाहेर काढला आणि इकडे कापडावर तशीच वीत टाकली. मी खडूनं खुणा केल्या.

"तुही वीत तिच्याएवढीच हाय काय मावशी?" मी विचारलं.

"बांगड्या कोनाच्या घालून गेली ती? माह्याच!"

त्या दिवशी, खरं सांगते, मला त्या मोबाईलचे पाय धरावेसे वाटले. आपण ज्याला शिव्या घालतो त्याच्यातून एक आई आणि एक लेक कापडावर वीत मोजत होत्या. झबलं मीच कापलं, शबानानं खिशावर छोटासा मोर काढला, काजं मावशींनी केली. तांड्यावरचा एक जण त्याच कारखान्याला निघाला होता, त्याच्या हाती पाठवलं.

*

मधे रमजान आला. शबानानं ठरवलं की महिनाभर इन्स्टाही बंद. "रोजा सबका होना चाहिए, अंगठेका भी." ॲप काढून टाकलं, मोबाईल कपाटात. मी मनातून खूश, चला, हिला तरी पटलं!

थोड्याच दिवसांत तिच्या सासूबाई दुकानात आल्या. हातात त्यांचा मोबाईल, चेहरा रडवेला.

"वंदना, देख तो बेटा. पहले इसमें दुआ आती थी, बिर्यानी आती थी. अब दिनभर लेहंगेच लेहंगे! मेरेकू कौन भेज रहा?"

शबाना मान खाली घालून एवढ्या मन लावून पिको करत होती की विचारू नका. सासूबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा मोबाईलकडे.

"अच्छा," त्या म्हणाल्या, "तो कम से कम मेरा ब्लाऊज भी वैसाच सी दे, वो हरेवाले जैसा!"

*

झबलं घेऊन निघालेला तो भला माणूस वाटेत दोन पाहुण्यांकडे आणि एका लग्नाला थांबत थांबत पोचला. संगीतानं फोटो पाठवला. मावशी स्टुलावर, हात पदरात. मी फोटो उघडला. झबलं तेच, खिशावर मोर तोच, पण आतलं लेकरू भलतंच!

खाली संगीताचा आवाज होता. याडी, आपला गडी वाढला, त्याच्या डोक्यातून झबलं उतरेच ना. शेजारच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, बीडकडच्या बाईला मुलगी झाली, तिला घातलं. एवढ्या रातच्या थंडीत तिच्यापाशी धड कापड नव्हतं.

मी आणि शबाना मावशींच्या तोंडाकडे बघत राहिलो. एवढ्या हौसेनं केलेलं! मावशींनी फोटो मोठा करायला लावला.

"त्या लेकराच्या आजीनं पाह्यलं असन काय वो हे?"

"ती बीडकडे असन मावशी. तिनं कुठून पाह्यलं?"

"मंग धाडा तिले. तिच्यापाशी बी असन ना कोनी वंदनाबाई."

संगीताकडून त्या घरचा कोणाचा तरी नंबर मिळवला आणि फोटो पाठवून दिला. निळी खूण झाली. उत्तर काही आलं नाही.

*

ईद झाली. शबानानं दुकानात शीरखुर्म्याचा मोठा डबा आणला. आम्ही तिघी मशीनी बंद करून वाट्या घेऊन बसलो होतो तेवढ्यात संगीताचा फोन. गाळप संपलं. सामान भरून राह्यलो, परवा तांड्यावर!

मावशींनी वाटी खाली ठेवली. डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग माझ्याकडे वळल्या.

"करा आता तुमचं समदं बंद. लय उपकार झाले बाई तुमचे. तुमी नसत्या तं मले नातू रांगताना दिसला नसता."

"उपकार कायचे मावशी?" मी म्हटलं. या बाईनं माझ्या राग-लोभात, माझ्या डाव्या बाह्यांत मला इतकी वर्षं सांभाळून घेतलं. उपकार असतील तर ते तिचे.

पण बोलले होते ते करायचंच होतं. मी मोबाईल हातात घेतला. व्हॉट्सॲपच्या हिरव्या चित्रावर बोट दाबून धरलं. 'काढून टाकायचं का?' असं मोबाईलनं विचारलंसुद्धा. शबानानं तोंड फिरवलं.

टिंग!

अनोळखी नंबर. व्हॉईस मेसेज. मी लावला. एका म्हातारीचा खणखणीत आवाज, मागे कोंबड्या ओरडताहेत.

"झबलं मिळालं गं माय माझ्या नातीला. लई ग्वाड शिवलंय. देव तुझ्या हाताला बरकत देवो. पर खालचं काज जरा मोठं झालंय बघ. फोटूत दिसतंय, बटन सुटतंय."

शबानाचा चमचा वाटीतच थांबला. माझी तर मावशींकडे बघायची हिंमत होईना.

मावशी उठल्या. पदरातून दोन्ही हात बाहेर काढले, लुगड्याला पुसले आणि माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"वंदनाबाई, ह्याच्यात आपून कसं बोलाव लागते?"