पहिल्या रविवारचा रस

सांगलीत मला उभं केलं ते आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मावशींनी. हे आधीच सांगते, कारण पुढं मी त्यांच्यावरच रुसले ते येणार आहे, आणि वाचणाऱ्यानं त्यांना वाईट समजू नये.

मी माण तालुक्यातली. सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी दहिवडी सोडून सांगलीला आले. नव्वदनंतरची ती वर्षं. नवरा पाळीला गेला की खोलीत मी आणि स्टोव्ह. चर्चमध्येही दाराजवळच्या सतरंजीवर बसायचे, कुणी काही विचारलंच तर उठून जाता यावं म्हणून. मावशी विधवा. चर्चची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. एका शनिवारी त्यांनी माझ्या हातात ताट दिलं. "नुसती बसून काय ऱ्हातीस पोरी, बेदाणं निवड."

आमच्याकडे प्रभुभोजनाला पेल्यातून सगळ्यांना द्यायचा द्राक्षरस विकतचा नसायचा. तासगावकडचे बेदाणे शुक्रवारी भिजत घालायचे, शनिवारी मंद आचेवर उकळायचे आणि मलमलीतून गाळायचे. फडकं पिळायचं नाही, नाहीतर रस गढूळ होतो. मावशींनी हे सगळं शिकवलं आणि हळूहळू ते काम माझं झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब प्रार्थना करून पेला उचलायचे तेव्हा मी मान ताठ करून बसायचे. मला धड वाचता येत नव्हतं, गाता येत नव्हतं, पण तो रस माझा होता.

मग चर्चमध्ये आष्ट्याची एक नवी आली. माझ्याच वयाची, बारावी झालेली. बायबलातला शास्त्रपाठ असा वाचायची की पेंगणारे म्हातारेही मान वर करायचे. तिच्या साडीची घडी, तिचं हसणं, तिच्या डब्यातली लसणाची चटणीसुद्धा मला खुपायला लागली. आणि महिलांच्या सभेत कामं वाटताना मावशी म्हणाल्या, "रसाचं आता ही बघंल." माझ्याकडं पाहिलंही नाही. मी सतरंजीचा दोरा उसवत राहिले.

मावशींचा त्या सभेत एक नियम होता. मनातलं सतरंजीवर बोलायचं, नळावर न्हाई. मी दोन्हीकडं गप्प राहिले. शुक्रवारी घरी गुपचूप बेदाणे भिजत घातले. तिचा रस बिघडला तर, अशी मनाची समजूत काढली.

रविवारी मागच्या खोलीत टेबलावर दोन बाटल्या. पाळकसाहेब बघतच राहिले. "यातली कुठली घेऊ?"

मावशींनी दोन्ही उजेडात धरल्या. तिचा रस स्वच्छ होता. माझ्यापेक्षा स्वच्छ. देवानं तेवढं तरी करायला नको होतं.

"दोन्ही घ्या," मावशी म्हणाल्या, "आज माणसं लय हायत."

उपासना सुटल्यावर त्यांनी बायकांना बसवून घेतलं. "दुसरी बाटली कुणाची ते मला ठावं हाय. का आणली ते तिनंच सांगावं."

"माझं काम हिला दिलं," मी म्हणाले. "मला लय लागलं."

"आता रसावरनं बी भांडा," मागून कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

आष्ट्याची हसली नाही. "तुमी रसाचं घेऊन बसलाय," ती मला म्हणाली. "तुमाला मावशी पोरी म्हणत्यात. मला अजून बाईच म्हणत्यात."

मला तिची दया यायला हवी होती. झाला तो आनंद.

"नियम मीच मोडला," मावशी म्हणाल्या. "आधी बोलायला पायजे हुतं. तुला रस जमला पोरी, म्हणून काढून घेतला. आता शास्त्रपाठाला उभी ऱ्हा. ही शिकवंल तुला."

"आवं मावशी, मला न्हाई जमायचं."

"बेदाणं तरी कवा जमत व्हतं? पयल्यांदा पार चटणी केलीवतीस."

त्यानंतर शनिवारी रस उकळत असताना ती माझ्याकडून वाचून घ्यायची. जोडाक्षराला अडले की तिचं बोट ओळीवर यायचं, आणि त्या बोटाचाही मला राग यायचा. तरी एका रविवारी मी उभी राहिले आणि अख्खं स्तोत्र वाचलं. मावशी पुढंच बसल्या होत्या.

आता आम्ही साताऱ्याला असतो. मावशींना दिसत नाही. आष्ट्याची त्यांच्याच गल्लीत राहते, रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवते म्हणे. कुणी ते सांगायला लागलं की अजून मी विषय बदलते. मावशी, तुमचं देणं माझ्या ध्यानात आहे. एक दिवस मी येईन, चांगली आठवडाभर राहीन, आणि तो आठवडा तुम्हाला मीच वाचून दाखवीन. तवर तिला रस उकळू दे.