धुतलेला धूर

रविवारी सकाळी पूजा आटोपली की आमचे सासरे, म्हणजे अप्पा, पूर्वेच्या खिडकीत उभे राहायचे आणि हातातली काचेची बाटली उजेडात धरून तिच्यातून बाहेरच्या पेरूच्या झाडाकडे बघायचे. पानाच्या शिरा स्वच्छ दिसल्या तर "पास." नाही दिसल्या तर मागे वळूनही न बघता बाटली पाठीमागे धरायची आणि म्हणायचं, "पुन्हा." मागे अक्का उभी असायची. अक्का म्हणजे माझी सासू. माहेरी थोरली होती म्हणून पडलेलं हे नाव सासरीही तसंच राहिलं. ती बाटली घ्यायची, पदराने कपाळ पुसायची आणि पुन्हा मोरीत जाऊन बसायची.

ती बाटली अप्पांच्या गुडगुडीची. खाली पाण्याची बाटली, तिच्यात उतरणारी उभी नळी, तोंडात धरायची बाकदार नळी, सगळं काचेचं. वर तेवढी मातीची चिलीम, तिच्यात निपाणीहून मागवलेली तंबाखू आणि निखारा. सकाळ-संध्याकाळ हे यंत्र आमच्या सप्तापूरच्या घरात गुड् गुड् करत असायचं आणि धूर हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून अक्काच्या खोलीत फिरायचा.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं अशी आपल्याकडे रीत आहे. ज्यांना पाळायची त्यांनी खुशाल पाळावी. मला हा माणूस आवडत नव्हता. जिवंत होते तेव्हा नाही आणि फोटोला हार चढला म्हणून आताही नाही.

पहिली भेट मला बघायला आले तेव्हाची. माझं माहेर बेळगावचं. सगळ्यांचे पोहे खाऊन झाले, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि अप्पांनी मला एकच प्रश्न विचारला, "कॉलेजात केमिस्ट्री शिकवता म्हणे. म्हणजे काच धुता येत असेल." मला वाटलं, वकील माणूस, गंमत करतोय. मी हसले. माझे बाबा तर एवढे खूश झाले की म्हणाले, "अहो, ती काय पाहिजे ते धुईल!" अप्पा हसले नाहीत. त्यांनी अक्काकडे बघून मान हलवली. तेव्हाच उठून आत जायला हवं होतं, पण त्यांचा मुलगा गिरीश समोर बसला होता आणि तो दिसायला बरा होता. काय करणार!

लग्नानंतर कळलं की काच धुणे हा या घरातला मोठा विधी आहे. आधी गार पाण्याने खळबळायची. मग मूठभर कच्चे तांदूळ, जाडं मीठ, लिंबाचा रस घालून बाटली दोन्ही हातांनी हलवत राहायची, आतलं पिवळं कीट सुटेपर्यंत. नळ्यांत तारेचा ब्रश घालायचा. साबण लावायचा नाही, वास राहतो. शेवटी जुन्या पंच्यावर सगळं उपडं घालून ठेवायचं, फडक्याने पुसायचं नाही, धागे चिकटतात. अप्पा खुर्चीत बसून हे सगळं पाठ म्हटल्यासारखं सांगायचे. "कढत पाणी ओतू नकोस! काचेला एकदम गरम-गार सोसत नाही. काच नाजूक असते, तिला जपावं लागतं." हे ते माझ्या सासूला सांगायचे, जी मोरीतल्या गार फरशीवर बसून खोकत असायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा मी बाजारातून स्पिरिट आणलं. तंबाखूचं कीट पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं, त्यात काही मोठी विद्या नाही. अक्काला म्हटलं, हे थोडं घाला, हलवा, ओता, झालं काम. पाचेक मिनिटांत काच लख्ख झाली. अक्का एवढी हरखली की मला म्हणाली, "वैदेही, आता रविवारी मी पण तुझ्यासंगट पेपर वाचत बसीन बघ." अप्पांनी बाटली नाकाशी धरली आणि त्यांचं पित्त खवळलं. "माझ्या ओठाला लागणाऱ्या वस्तूत दारू घातली? ह्या घरात दारूचा थेंब आला नाही आजवर!" उरलेलं स्पिरिट त्यांनी स्वतः उठून मोरीत ओतलं. स्वतः उठून, हे लक्षात घ्या. त्या मोरीकडे मी त्यांना एरवी कधी जाताना पाहिलं नव्हतं. अक्का पुन्हा तांदूळ-मिठावर आली.

आणि या सगळ्या स्वच्छतेवर उभं होतं त्यांचं लाडकं तत्त्वज्ञान. घरी कोणी आलं, चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि चहा झाला की अप्पा गुडगुडी पुढे ओढून म्हणायचे, "सिगरेट म्हणजे विष. माझ्या घरात सिगरेटला बंदी आहे. हा धुतलेला धूर आहे, साहेब. पाण्यातून येतो. घाण पाण्यात राहते, माणसाला फक्त सुगंध मिळतो. खोटं वाटत असेल तर काच बघा, इतक्या वर्षांत एक डाग नाही." पाहुणे काच बघायचे. काच खरोखरच चकचकीत असायची. कोर्टात जन्म घालवलेला माणूस, पुरावा कसा मांडावा हे त्यांना कळत होतं. पुरावा दर रविवारी मोरीत कोण घासतं, हे पाहुण्यांना दिसत नव्हतं. अप्पांना दिसत होतं की नाही, देव जाणे.

घरात मात्र सगळ्यांचाच या धुतलेल्या धुरावर विश्वास होता. गिरीशचा होता. अक्काचाही होता, आणि याचाच मला जास्त राग यायचा.

अक्काचा खोकला आधी सकाळचा होता, मग दिवसभराचा झाला. मग जिना चढताना ती मधे थांबायला लागली. मग बोलताना थांबायला लागली. शेवटी तिला हुबळीच्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. अप्पाही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि कानडीत विचारलं, "मन्याग यार सेदतारी?" घरात कोण ओढतं?

अक्का म्हणाली, "यारू इल्रि." कोणी नाही. आणि शेजारी बसलेल्या अप्पांनी अगदी गंभीरपणे मान डोलावली.

दोघंही खोटं बोलत नव्हती, हे लिहितानाही मला चीड येते. त्यांच्या लेखी घरात खरंच कोणी ओढत नव्हतं! गिरीशने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. म्हणून मग मीच बोलले. गुडगुडी, निखारा, तंबाखू, सकाळ-संध्याकाळ, बंद खिडक्या, सगळं सांगितलं. डॉक्टर अप्पांकडे बघून शांतपणे म्हणाले की जे गेलं ते परत येणार नाही, पण आहे तेवढा श्वास टिकवायचा असेल तर या बाईंच्या आसपास धूर नको. आजपासून नको. अप्पा म्हणाले, "पाण्यातून येतो, डॉक्टर." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी आल्यावर मी अप्पांपुढे उभी राहिले. गुडगुडी बंद करा, नाहीतर निदान गच्चीत जाऊन ओढा, म्हटलं.

"प्रोफेसरीणबाई," ते म्हणाले, "काच बघितलीस का माझी?"

"बघितली. अक्का धुते म्हणून तशी दिसते. एक महिना धुऊ नका, मग बघू."

"धुवायची नाही? मग घाण होईल की!"

ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने म्हणाले, घाण होईल. आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. मी अक्काला बजावलं की आता मोरीत बसायचं नाही. मी स्वतः हात लावणार नव्हते. भांडीवाल्या यल्लव्वाला अप्पांनी बोलावलं, तिने नळीचा वास घेतला आणि "इद ब्याड्री" म्हणजे 'हे नको' म्हणून सरळ नकार दिला. आधी काच पिवळी झाली, मग चहासारखी, मग काकवीसारखी. रविवारी अप्पा खिडकीत उभे राहिले तर शिरा सोडा, झाडच दिसेना. मला वाटलं, चला, एकदाचं दिसलं.

ते बाटली घेऊन मोरीत गेले. वर्षानुवर्षं दुसऱ्याला शिकवत आलेल्या माणसाला मीठ कुठल्या डब्यात असतं हे माहीत नव्हतं. दहाबारा भांडी वाजली, पाणी सांडलं, आणि थोड्या वेळाने पांढऱ्या धोतरावर काळे ओघळ घेऊन अप्पा दारात उभे राहिले. बोटं काळी, नखं काळी. आता तरी म्हणतील, अरेरे, हे हिच्या छातीत गेलं. मी अक्षरशः वाट बघत होते. ते म्हणाले, "मला हे जमत नाही. हिला उठवा."

आणि अक्का उठली. मी दार अडवलं तर म्हणाली, "असू दे गं, त्यांना नाही येत ते." भिंतीला धरून धरून मोरीत गेली आणि तांदूळ-मीठ घालून बाटली हलवायला लागली. हलवते, थांबते, धापा टाकते, पुन्हा हलवते. काच स्वच्छ झाली. त्याच आठवड्यात तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं.

परत आणली ती ऑक्सिजनच्या मशीनसकट. मशीन बसवायला आलेल्या माणसाने कोपऱ्यातली गुडगुडी बघितली आणि हात जोडून म्हणाला, "बेंकी ब्याड्री. घरात विस्तव अजिबात नको. ऑक्सिजन आहे." आता यात समजावण्यासारखं काय राहिलं? पण अप्पांनी थोडा विचार केला आणि निकाल दिल्यासारखं म्हणाले, "मग हिला मागच्या अंगणातल्या खोलीत ठेवा. मशीन पण तिकडेच. माझी बसायची जागा मी बदलणार नाही. लोक येतात इथे."

मागची खोली म्हणजे नारळाची सालपटं, जुनी सायकल आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती. आयुष्यात पहिल्यांदा गिरीशचा चेहरा लाल झालेला मी बघितला. बापाशी वाद घालायची हिंमत त्याच्यात तेव्हाही नव्हती. तो एवढंच म्हणाला, "अप्पा, आम्ही अमरगोळच्या बाजूला घर बघतोय. तारिहाळला फॅक्टरीत जायला जवळ पडतं." अप्पा म्हणाले, "जा की." त्यांना वाटलं, आम्ही दोघंच जाणार. टेम्पोत मशीन चढलं, मग मी अक्काला हाताला धरून बाहेर आणलं, तेव्हा ते खुर्चीतून अर्धवट उठले. "ही कुठे निघाली?" अक्का पायरीवर थांबली. मला वाटलं, आता ही परत फिरणार. तिने मागे वळून सांगितलं, "मीठ डाव्या फळीवर आहे. लाकडी डब्यात." आणि टेम्पोत बसली.

अप्पा नंतर वर्षभर त्या घरात होते. एका सकाळी झोपेतच गेले, काही दुखलं नाही, खुपलं नाही. भेटायला आलेले लोक म्हणत होते, किती टापटिपीचा माणूस. गुडगुडी खिडकीशीच होती. काळीकुट्ट, आरपार काहीही न दिसणारी. कोणीतरी म्हणालं, जरा धुऊन फोटोशेजारी ठेवा, त्यांची आठवण. मी म्हटलं, ठेवा की, पण आहे तशीच ठेवा.

पण मला अप्पा आठवतात ते त्या दिवशीचे नाहीत. आठवतो तो त्यांचा एक फोन. आम्ही अमरगोळला राहायला येऊन महिना झाला असेल. तोवर त्यांनी एकदाही फोन केला नव्हता. संध्याकाळी त्यांचं नाव दिसलं तसं मी स्पीकरवर टाकून अक्काच्या उशाशी धरला. तिने घाईघाईने नाकातली नळी नीट केली, केसांवरून हात फिरवला. मला वाटलं, विचारतील, कशी आहेस.

"अगं ए," अप्पा म्हणाले, "ते लिंबू आधी घालायचं की मीठ? काळं काही निघेना झालंय. तू ये दोन दिवस. धुऊन दे आणि जा."

माझा हात फोन बंद करायला पुढे गेला होता. अक्काने तो बाजूला केला.

"अहो," ती म्हणाली, आणि श्वास घ्यायला थांबली. "धूर धुतलेलाच येतो ना?" पुन्हा थांबली. "मग काच कशाला धुवायची?"

अक्काने वाट बघितली, मग स्वतःच बोटाने फोन बंद केला. मशीनचा घर्र आवाज तेवढा चालू होता.

"खिडकी उघड गं वैदेही," ती म्हणाली. "वारा बरा सुटलाय."