फेजकाकांचा हौद

हातात पाना असल्याशिवाय फेजकाकांना देव समजावून सांगता येत नसे. अंबडला माझ्या पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. आठवडाभर मोटारी, रविवारी तिथेच बाकडी टाकून उपासना. मेकॅनिक तेच, पाळकही तेच. भिंतीवर तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि त्यांच्या मधोमध लाकडी क्रूस.

नाव पडलं ते माझ्यामुळे. माझी मोटर जळाली होती आणि ते ती उघडून बसले होते. मी विचारलं, "काका, तुमचा देव एक की तीन? पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणता."

"ताई, तुमचं कनेक्शन किती?"

"एक."

"फेज?"

"तीन."

"मंग? फेज तीन, लाईट एकच. त्यातला एक गेला की काय होतं?"

"मोटर जळते."

"जळाली ना? बराबर!"

माझा काही त्रैक्यावर विश्वास बसला नाही, पण मोटर फिरली. गल्लीने त्यांचं नाव फेजकाका ठेवलं.

ते कुणाला आपल्या धर्मात ओढत नसत; फक्त समजावल्याशिवाय सोडत नसत. ज्याच्यावर तुमच्या देवाला मारलं तो खांब भिंतीवर कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खांब रिकामा हाय ते बघा की. मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठून गेल्ता. तुमची मोटर गिरणीत पुन्हा फिराया लागली की माझ्या टेबलावर काय राहतं? टेबल." प्रभुभोजनाला ते माझ्याकडून गहू वेगळे दळून नेत. पोळी म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, द्राक्षाचा रस म्हणजे रक्त, त्याच्या आठवणीसाठी खायचं-प्यायचं. आणि पोळी बिनखमिराची हवी. मी म्हटलं, "आमची तर रोजचीच बिनखमिराची असते." "मंग निम्मी वाट झाली तुमची," म्हणाले आणि पीठ घेऊन गेले.

त्यांची दुसरी सवय म्हणजे काकूंच्या आधी ते कुठेही शिरत नसत. स्टँडवर जालन्याची बस लागली तरी काकू येईपर्यंत हे बसच्या दारात उभे. मागे माणसं खोळंबलेली. कंडक्टर ओरडायचा, "काका, आत व्हा न्हाईतर खाली उतरा!" काका खाली उतरायचे. बस जायची.

याच काकूंचा त्यांच्या जिवाला घोर होता. काकूंचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, माहेरच्या चर्चमध्ये, कपाळावर पाणी शिंपडून. काकांच्या मते तो धरायचाच नाही. माणसाने कळत्या वयात, आपल्या तोंडाने हो म्हणून, पूर्ण पाण्याखाली जायचं. बुडणं म्हणजे जुन्या माणसाचं मरण, वर येणं म्हणजे नवा जन्म. "ही अशीच गेली तर वर मला सापडायची न्हाई," असं ते मला म्हणाले, तेव्हा हातात पाना नव्हता.

काकू म्हणायच्या, "माझं एकदा झालंय. मी काय मोटर हाय, पुन्हा पुन्हा वायंडिंग कराया?"

एका कोरड्याठाक मे महिन्यात मात्र काकू अचानक कबूल झाल्या. "घेते बुडी. आणा पाणी." नळ बंद, टँकर येईल तेव्हा खरा. काकूंनी सगळा विचार करूनच हो म्हटलं होतं. काकांनी गिरणीमागचा माझा रिकामा हौद मागितला. नंतर पाणी वाया जाता कामा नये, या अटीवर मी दिला. मग गल्लीच पेटली. टँकर आला की प्रत्येक घरातून एक घागर हौदात. गंगूमावशींनी तर म्हैस धुवायची बंद केली. आम्ही सगळ्या हिंदू बाया बाप्तिस्म्यासाठी पाणी वाहत होतो आणि काकू दुकानाच्या पायरीवर बसून, हौद भरताना बघून घामाघूम होत होत्या.

हौद भरला, रविवार आला. पांढरा सदरा घालून काका काठावर थांबले. काकूंनी चपला काढल्या. तेवढ्यात गंगूमावशींनी विचारलं, "काका, मागून हे पाणी म्हशीला चालंल का? पाप-बीप उतरलेलं असंल त्यात."

"बिलकुल चालंल," काका म्हणाले. "पाण्यात काय न्हाई. व्हायचं ते माणसात होतं."

काकूंनी चपला पुन्हा घातल्या. "पाण्यात काय न्हाई, तर हौद कशाला? तांब्या बास."

मी काकूंच्या मदतीला गेले. "काका, पंप चालू करताना पहिलं पाणी तुम्ही वरूनच ओतता ना?"

"ताई, पंप पंप हाय अन् बायको बायको!"

पण तांब्या त्यांनी घेतला. पित्याच्या नावाने, पुत्राच्या नावाने, पवित्र आत्म्याच्या नावाने काकूंच्या डोक्यावर ओतला. काकू पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "एवढंच तर माझं तान्हेपणी झाल्तं." दुपारपर्यंत गल्लीने हौद कोरडा केला. म्हैस चकचकीत झाली.

काकांची मात्र खात्री पटली नव्हती. मोटर उघडून बसलेले असताना मध्येच विचारायचे, "ताई, तांब्या धरतेल का वर?" मी म्हणायची, मला काय माहीत, मी गिरणीवाली. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी पेज घेऊन गेले होते. हळूच म्हणाले, "ठरवलंय मी. आधी दारातच इचारतो, तांब्या चालतो का. न्हाई म्हणले तर मी बी भायेरच."

थोड्याच दिवसांत गेले. दफन आटोपलं, माणसं पांगली, ऊन चढलं, तरी काकू मातीकडे बघत उभ्याच. मी त्यांचा दंड धरला. "चला काकू. गेले ते."

"जातेत कुठं?" काकू म्हणाल्या. "माझ्याबगर आत शिरतेत व्हय? उभे असतेल दारात, मागच्यांची वाट अडवून."