तलाव पडद्याबाहेर गेला

परवा पोंभुर्ण्याच्या बाजारात ओल्या जाळ्याचा वास आला आणि सुखदेवभाऊ आठवले. आमच्या गावच्या मासेमारांचे ते पुढारी. तेव्हा तलावाच्या हद्दीवरून वर्षभर वाद चालला होता आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या साहेबांना नकाशा दाखवायचा होता. त्या दिवशी भाऊ सकाळपासून काठाकाठाने चालले आणि मी मागोमाग मोबाइलवर प्रत्येक वळणाच्या जागेचे मीटरमधले जीपीएस आकडे टिपले. नकाशा काढणारा प्रोग्रामही माझाच.

घरी येऊन बटण दाबलं, तर पडदा कोरा.

"पोरी, आपला तलाव कुठी गेला वं?" भाऊंनी विचारलं.

मी टिपलेली यादी उघडली. आकडे तर सगळे होते. मग ध्यानात आलं, प्रोग्राममध्ये चित्र काढायला घेतलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोड, शून्य ते हजार एवढंच दाखवत होती आणि आमचे आकडे लाखांत होते. तलाव काढला जात होता, पण पडद्याच्या पार बाहेर. मी आडव्या आणि उभ्या आकड्यांतले सगळ्यांत लहान, सगळ्यांत मोठे शोधले आणि पडद्याला तीच हद्द दिली.

काठ उमटला. भाऊ वाकून बघू लागले. "हा पाह्य, मोहाच्या झाडाजवळचा वाक! इथीच मले काटा रुतला." ते खळखळून हसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हद्द मान्य केली. परतताना भाऊ बसमध्ये गाढ झोपले. तेव्हा वाटलं, म्हातारा माणूस, थकला असेल. आज कळतं, वादाच्या त्या वर्षात त्यांना नीट झोपच लागली नसावी.