उंचवट्यावरचा खड्डा

मार्केल टिलमन याची आणि माझी ओळख एका खड्ड्यामुळे झाली.

आमच्या टर्नर्स फोर्ड गावच्या हायस्कूलची दोन्ही मैदाने मी एकोणतीस वर्षे राखली. पुढचे मोठे मैदान फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात धरून पळण्याच्या आमच्या मिसिसिपीतल्या फुटबॉलचे. त्याच्या मागचे लहान मैदान बेसबॉलचे. गवत कापणे, पाणी मारणे आणि फक्कीने रेषा आखणे हे माझे काम होते. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा मुलगा मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो. फेकताना त्याचा पुढचा पाय दर वेळी एकाच जागी आदळतो, त्यामुळे सामना संपेपर्यंत तेथे वाडग्याएवढा खड्डा पडतो. मुले घरी जात आणि खड्डा माझ्यासाठी राहत असे.

मार्च महिन्यातील एका मंगळवारी मी अवजारांच्या खोलीत फक्कीची पोती रचत होतो. तेव्हा नववीतला एक उंचच उंच मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"काका, धुम्मस कुठंय?"

"कशाला रे?"

"खड्डा मी पाडलाय. मीच बुजवतो."

"कुणी शिक्षा केली का तुला?"

"नाही हो. पण उद्या तुमची कंबर धरणार आणि शिव्या मला घालणार."

"शिव्या मी आजही घालणार आहे. ती बादली उचल."

मी त्याला पद्धत दाखवली. आधी भुसभुशीत माती झाडून काढायची, खड्डा ओला करायचा, मग नवी चिकणमाती थोडी थोडी घालून धुम्मसाने ठोकायची. कोरडी माती जुन्या मातीला धरत नाही. दुसऱ्याच दिवशी तिचे ढेकूळ निघते. त्यानंतर चार वर्षे आपला खड्डा त्याने मला कधी बुजवू दिला नाही.

मार्केल फुटबॉलही खेळत असे, आणि गाव त्याला ओळखत होते ते त्या खेळासाठी. संघाची प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होई. गावची वस्ती तेवीसशेची, परंतु शुक्रवारी सायंकाळी त्या मैदानावर चार हजार माणसे जमत. वाद्यवृंद असे, तळलेल्या माशांचा आणि उकडलेल्या शेंगांचा वास असे. मंगळवारी बेसबॉलला मी एकदा माणसे मोजली होती. ती एकोणीस भरली, आणि त्यांतले दोघे पंच होते.

त्याचे वडील रूबेन हे सॉ मिलमध्ये करवतींना धार लावत. रूबेनचे वडील ऍमॉस यांनी तरुणपणी राज्याच्या मोठ्या कॉलेजच्या स्टेडियममधली बाके झाडली आणि पुसली होती. त्या काळी आमच्या काळ्या रंगाच्या मुलाला त्या मैदानावर खेळता येत नव्हते. त्याच कॉलेजचे प्रशिक्षक मार्केलला आपल्या संघासाठी मागायला घरी आले, त्या दिवशी रूबेन अंगणात जाऊन बराच वेळ एकटे उभे राहिले.

बारावीच्या वर्षी फेब्रुवारीत शाळेच्या सभागृहात मार्केलने सर्वांसमोर त्या कॉलेजची टोपी डोक्यावर ठेवली, म्हणजे आपण तेथेच खेळणार असे जाहीर केले. निर्णय जाहीर होण्याआधीच त्याच्या आईने आणलेल्या केकवर कॉलेजचे रंग होते, त्यामुळे आश्चर्याला फारशी जागा उरली नव्हती. रूबेनने त्याच दिवशी कॉलेजचे जॅकेट विकत घेतले आणि ते अंगावरून उतरवणे सोडून दिले.

जुलैत एका व्यावसायिक बेसबॉल क्लबने मार्केलची निवड केली. क्लबचा माणूस कागद घेऊन आला. त्यावर लिहिलेली रक्कम रूबेनने वीस वर्षांतही मिळवली नसेल. सही करायची तर शुक्रवारी सायंकाळी पाचच्या आत करायची होती. सही केली की कॉलेजचा फुटबॉल सुटणार होता. न केली तर बेसबॉल सुटणार होता, कारण दोन्ही खेळ एकत्र चालणार नाहीत, असे कॉलेजच्या प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितले होते. मार्केल अठरा वर्षांचा होता आणि त्याच्याजवळ चार दिवस होते.

गावाने मात्र निर्णय घेऊन टाकला होता. न्हावी क्लीटस याने कॉलेजच्या पहिल्या सामन्यासाठी दोन बसगाड्या ठरवल्या होत्या. मंगळवारी मी त्याच्या दुकानात बसलो असता मार्केल केस कापायला आला.

"अरे, ते बेसबॉलवाले तुला पार उत्तरेला मोंटानाला नेऊन टाकतील," क्लीटस म्हणाला. "तिथं तुझे केस कोण कापणार?"

"वाढवीन."

"मग तसाच परत येऊ नकोस. माझ्या दुकानाची अब्रू जाईल."

सगळे हसले. मार्केलही हसला, परंतु आरशात पाहणे त्याने टाळले. बुधवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. देवाला प्रश्न कोणी विचारला नाही. प्रत्येकाने त्याला उत्तरच सांगितले. मीही तेथे होतो आणि आमेन म्हणालो.

गुरुवारी दुपारी मी लहान मैदानावर पाणी मारत होतो. रूबेन कुंपणाच्या फाटकातून आत आले. जुलैचे ऊन असूनही अंगात जॅकेट होते.

"आयझॅकदादा, दोन्ही मैदानं तुम्ही बघता. पोराचं मन कुठं आहे?"

"त्याला विचार की."

"विचारलं. म्हणतो, तुम्ही म्हणाल तसं. पण असं म्हणताना माझ्याकडं बघत नाही."

दुसऱ्याच्या घरात बोलू नये, अशी माझी रीत आहे. त्या दिवशी मी ती मोडली. मी नळ बंद केला आणि त्यांना उंचवट्यावर नेले.

"इथं पाय आपट."

त्यांनी आपटला. "दगड आहे हा."

"चार वर्षं इथला खड्डा त्यानं स्वतः भरलाय. नोव्हेंबरात फुटबॉलची बाद फेरी होती, आठवतंय? सगळं गाव येडं झालं होतं. त्या आठवड्यात, रात्री दहिवर गोठून माती उकलणार म्हणून, हा जेवणाच्या सुट्टीत येऊन इथं ताडपत्री घालून गेला."

रूबेनने मोठ्या मैदानाकडे हात केला. "आणि तिकडं?"

"तिकडं तो छान खेळतो."

ते उंचवट्यावरच बसले. मातीवरून हात फिरवत म्हणाले, "माझ्या बापानं त्या स्टेडियमची बाकं पुसली, दादा. बसायला नाही मिळालं कधी. माझा पोरगा तिथं मधोमध उभा राहणार होता."

"ठाऊक आहे मला."

"मग आता त्याला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. फक्त त्याच्यासमोर हे जॅकेट घालू नकोस."

त्यांनी जॅकेट काढले. अस्तर बाहेर येईल अशी घडी घातली, काखेत धरले आणि ते घरी गेले.

शुक्रवारी चार वाजता मार्केलने क्लबच्या कागदावर सही केली. क्लीटसला बसगाड्यांचे आगाऊ भाडे परत मिळाले नाही आणि हे त्याने अनेक महिने सर्वांना ऐकवले. काही माणसे सॉ मिलच्या फाटकावर रूबेनशी बोलेनाशी झाली. दुसऱ्या वर्षी रूबेन अकरा तास गाडी चालवून मुलाचा सामना पाहून आले. मला म्हणाले, "तिथली माती लाल नाही, दादा. पण खड्डा तसाच पडतो, आणि हा अजून स्वतःच बुजवतो. तिथं त्यासाठी पगारी माणसं आहेत, ती हसतात त्याला."

मार्केल सहा वर्षे लहान गावांच्या संघांतून खेळला. सर्वांत वरच्या पायरीच्या एक पायरी खाली तो पोहोचला आणि तेथे त्याचा खांदा गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी हात पूर्वीसारखा उठला नाही. आता तो गावच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी करतो आणि मंगळवारी शाळेच्या मुलांना बेसबॉल शिकवतो. पहिल्या दिवशी तो त्यांच्या हाती चेंडू देत नाही, धुम्मस देतो. निवड बरोबर होती का, हे मला सांगता येणार नाही. पश्चात्ताप होतो असे तो कधी म्हणाला नाही, आणि होत नाही असेही म्हणाला नाही.

मी सदुसष्टाव्या वर्षी लिहायला शिकलो, आणि ज्या माणसाविषयी लिहावे असे प्रथम वाटले तो हा. एक गोष्ट मात्र मी शेवटी सांगायची ठेवली आहे. त्या गुरुवारी रूबेन गेल्यानंतर तासाभराने मार्केल मैदानाकडे आला. वडील काखेत जॅकेट धरून घरी आलेले त्याने पाहिले होते. कुंपणाला दोन्ही हातांनी धरून तो पलीकडेच उभा राहिला.

"काका," तो म्हणाला, "जाताना उंचवट्यावर थोडं पाणी मारून ठेवाल का? सकाळी फेकायला येतो."